शॉक देणारा मनगटी पट्टा: नखांसाठी ठीकठाक, कट्टरांसाठी नको रे बाबा

पाचात अडीच स्टार देतेय, त्यातला अर्धा फक्त चार्जिंग चांगलं टिकतं म्हणून. कंपनीचं नाव घेत नाही, असे पट्टे आता बरेच निघालेत आणि आतली भानगड साधारण सारखीच असते. रबराचा पट्टा, खालच्या बाजूला धातूची दोन बटणं, हात तोंडाकडे गेला की सेन्सरला कळतं आणि मनगटाला झटका बसतो. अ‍ॅपमध्ये झटका कमीजास्त करता येतो. मला कॉलेजपासून नखं कुरतडायची सवय, ऑफिसात क्लोजिंग आलं की बोटं लालेलाल, गोरेगावला एका प्रदर्शनात स्टॉलवर हा दिसला, डिस्काउंट धरून चार हजारांच्या आत पडत होता, म्हटलं घेऊन टाकूया.

झटका कसा असतो, तर गीझर चालू असताना नळाला हात लावला की कधीकधी चटका बसतो ना, तसा, फक्त मुद्दाम दिलेला. एसीत बसलेलं असताना सहन होतो. पण मुंबईत मनगट कोरडं असतं कधी? घामाने ओलं झालं की तीच सेटिंग डबल लागते. सकाळी भांडुपहून स्लो पकडते, आत शिरून वरची कडी धरायला हात उचलला की पट्ट्याला वाटतं बाई नखं खायला लागली. चटका. हात खाली घेतला, गाडीने धक्का दिला, परत कडी, परत चटका. बाजूची म्हणाली, अहो ताई, काही चावलं का? वडापाव खाताना बसतो. देवापुढे हात जोडताना बसतो. गणपतीत आरतीला टाळ्या वाजवायच्या होत्या तेव्हा मी तो काढून फ्रिजवर ठेवून दिला, कारण सुखकर्ता म्हणताना तोंड वाकडं होत होतं आणि सासूबाई बघत होत्या.

पट्ट्याला काय दिसतं? हात. मी नखं खातेय, घास घेतेय की नमस्कार करतेय, त्याला काही देणंघेणं नाही.

आणि फायदा झाला का, तर झाला, अर्धा. पट्टा उजव्या हाताला. थोड्याच दिवसांत उजव्या हाताची नखं इतकी छान वाढली की आई व्हिडिओ कॉलवर खूश, आणि डाव्या हाताची पार मुळापर्यंत गेलेली. मी ठरवून केलं नाही हो, हातानेच आपली वाट शोधली. शिवाय पट्टा चार्जिंगला लावला की उजवा हातही आपसूक तोंडाकडे.

प्रॉडक्टचं एवढंच. पण स्टॉलवरचा मुलगा जे बोलला ते डोक्यातून जाईना, म्हणून पुढचं लिहितेय. तो म्हणाला, मॅडम, ही टेक्नॉलॉजी फक्त नखांसाठी नाहीये, पुढे जेलमध्ये कट्टरवाद्यांसाठी द्यायचा विचार आहे, त्यांना त्यांचेच व्हिडिओ, त्यांचेच नेते दाखवायचे आणि बरोबर झटका द्यायचा, महिनाभरात माणूस साफ. उभ्या असलेल्या लोकांनी माना डोलावल्या. एक काका म्हणाले, साधा कशाला, चारशे चाळीस व्होल्ट द्या! सगळे हसले.

राग मला कळतो बरं का. ११ जुलै २००६ ला वेस्टर्नच्या गाड्यांमध्ये ११ मिनिटांत सात स्फोट झाले, १८० च्या वर माणसं गेली, रोज फर्स्ट क्लासने जाणारी येणारी आपल्यासारखीच माणसं. कोणी छातीठोक सांगितलं असतं की या पट्ट्याने पुढचा स्फोट टळतो, तर मी पण लगेच नाही म्हटलं नसतं. मनगटाला चटका विरुद्ध एवढे जीव, हिशोब सोपा वाटतो. पण हिशोबाला बसलं की पहिलाच आकडा चुकतो, कारण हे चालतं हेच कुठे ठरलंय?

चटका देऊन माणूस सुधारायची आयडिया जुनी आहे. आपल्याकडे अंगठा चोखणाऱ्या पोराच्या बोटाला कडुनिंबाचा पाला चोळतातच की. परदेशात १९३० च्या आसपास दारुड्यांवर शॉक आणि उलटीची औषधं सुरू झाली. मग १९४८ मध्ये कोपनहेगनच्या संशोधकांनी डायसल्फिरामचा गुण जगापुढे आणला, म्हणजे आपली ती दारू सोडायची गोळी, घेतल्यावर वर दारू प्यायली की जीव घाबरा होतो. माणूस स्वतः ठरवून, डॉक्टरच्या देखरेखीखाली घेत असेल तर ती आजही चालते. पण आमच्या जुन्या चाळीत एका घरी ती नवऱ्याला न सांगता भाजीत घालायचे, तो एकदा बाहेरून पिऊन आला आणि लालबुंद होऊन जिन्यातच कोसळला, रात्री सगळी चाळ हॉस्पिटलच्या बाहेर. वाचला, पण नंतर घरचं जेवायचाच बंद झाला. दारू नाही सोडली, बायकोच्या हातचं सोडलं!

याहून वाईट प्रकार ब्रिटनमध्ये झाला. १९५० आणि ६० च्या दशकांत समलिंगी पुरुषांना पुरुषांचे फोटो दाखवायचे आणि शॉक नाहीतर उलटीची इंजेक्शनं द्यायची. काहींना तर कोर्टाकडूनच चॉइस, जेल की उपचार. पुढे अशा लोकांना गाठून विचारलं तेव्हा आवड बदलली नव्हती, फक्त आयुष्यभराची लाज आणि भीती बसली होती. आपल्याकडे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये असले 'बदलवणारे' उपचार म्हणजे डॉक्टरचं गैरवर्तन असं जाहीर केलं, मद्रास हायकोर्टाने आधी कान पिळला होता म्हणून. मग तेच मशीन धर्माच्या पाटीखाली परत आणायचं?

बरं, नीती सोडा, नुसतं विज्ञान बघा. १९६६ मध्ये जॉन गार्सिया आणि कोलिंग यांनी उंदरांवर प्रयोग केला. उंदरांना गोड पाणी, सोबत लाईट आणि टिकटिक आवाज. काहींना नंतर शॉक, काहींना मळमळ. मळमळ झालेल्यांनी चव टाळली, शॉक बसलेल्यांनी लाईट आणि आवाज टाळला, उलटं काही केल्या होईना. थोडक्यात, त्रास कशाला चिकटणार हे त्रास देणाऱ्याच्या हातात नसतं. उंदराचं हे, तर 'माझ्या लोकांवर अन्याय झालाय, बदला घेणं माझं कर्तव्य आहे' असल्या विचाराला तुम्ही मनगटातून कुठे पकडणार? चटका चिकटेल तो त्या खोलीला, खाकी कपड्यांना, पट्टा बांधणाऱ्या माणसाला. आणि ज्याच्या डोक्यात आधीच भरवलंय की सरकार आपला छळ करतं, त्याला तुम्ही बिलासकट पुरावा देताय.

आणि झटका नक्की कशावर द्यायचा सांगा ना. बॉम्ब बनवायचा व्हिडिओ बघताना तुम्ही त्याला धरलाय तर मग कायदा आहे, कोर्ट आहे, जेल आहे. त्याच्या अलीकडे जे दिसतं ते काय, तर दाढी, टोपी, टिळा, दुआसाठी उचललेले हात, मोठ्याने म्हटलेली घोषणा. माझ्या पट्ट्याला नमस्कार आणि नखं एकच, तसंच या मशीनला भाविक आणि माथेफिरू एकच. चीनने उइगुर मुसलमानांच्या शिनजियांग प्रांतात २०१७ ला कट्टरताविरोधी नियम काढले, त्यात 'असामान्य' दाढी आणि बुरखा ही कट्टरतेची लक्षणं म्हणून सरळ लिहिलीयेत. मग कॅम्प भरले. २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने म्हटलं की हे मानवतेविरुद्धचे गुन्हे असू शकतात.

त्या काकांच्या डोळ्यासमोर अर्थातच एकच टोपी होती. पण २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात पुलावर सकाळी फिरायला गेलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या, त्यात १० मे २०२४ ला दोघांना जन्मठेप झाली, तिघं सुटले, ती नावं कुठल्या धर्माची होती ते काकांना कोणीतरी सांगा. म्हणजे पट्टा त्यांनाही ना? तिथे मग काका म्हणणार, पोरं भरकटली, समजावून सांगायला पाहिजे.

पट्टा कोणाच्या हातात बांधायचा हे ठरवणारी यंत्रणा तरी किती पक्की? त्याच ट्रेन स्फोटांच्या केसमध्ये खालच्या कोर्टाने १२ जणांना दोषी धरलेलं, पाच जणांना फाशी. २१ जुलै २०२५ ला मुंबई हायकोर्टाने बाराही जणांना निर्दोष सोडलं, १९ वर्षांनी, त्यातला एक तोवर जेलमध्येच वारलेला. सुप्रीम कोर्टाने नंतर तो निकाल दाखला म्हणून वापरायला स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना परत आत जायला सांगितलं नाही. मग दहाच दिवसांत, ३१ जुलैला, मालेगावच्या २००८ च्या स्फोटाच्या केसमधले सातही जण एनआयए कोर्टातून निर्दोष. कोण बरोबर कोण चूक ते बाजूला ठेवा, पण एवढ्या वर्षांत यातल्या किती मनगटांना पट्टा लागून गेला असता आणि मग तो चटका परत कसा घेणार होतात?

माझे मामा पोलिसातून रिटायर झालेत, डोंबिवलीला असतात, त्यांना हा पट्टा दाखवला तर आधी स्वतःच्या हाताला लावून बघितला, दचकले, मग हसले. म्हणाले, अगं, झोडला की माणूस गांधींना पण मीच मारलं म्हणतो, तुझ्या या पट्ट्याने काय वेगळं होणारे? हेच सुप्रीम कोर्टाने ५ मे २०१० ला सेल्वी केसमध्ये मापात बसवून सांगितलंय, नार्को, लाय डिटेक्टर, ब्रेन मॅपिंग जबरदस्तीने करायचं नाही. माहिती काढायला जर आरोपीच्या डोक्यात शिरता येत नाही, तर मत बदलायला कसं शिरणार? त्यातून २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या तिसऱ्या कलमात सरळ लिहिलंय की आजूबाजूच्या लोकांच्या धार्मिक श्रद्धांशी किंवा राजकीय मूल्यांशी जुळत नाही म्हणून कोणी मनोरुग्ण ठरत नाही. आजार नाही तर थेरपी कसली? सोव्हिएत रशियाने विरोधकांना 'सुस्त स्किझोफ्रेनिया' नावाचा आजार चिकटवून हॉस्पिटलात डांबलं होतं, शेवटी जागतिक मनोविकार संघटनेतून हाकलणार म्हणून १९८३ मध्ये स्वतःच बाहेर पडले.

स्टॉलवरच्या मुलाचं यावर उत्तर तयार होतं, मॅडम, आम्ही संमती घेऊ ना. अरे बाबा, मी माझा पट्टा आरतीच्या वेळी काढून फ्रिजवर ठेवू शकते, म्हणून ती माझी संमती. यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखाली आत बसलेल्याला, ज्याला जामीन मिळणंच मुश्कील, त्याला फॉर्म पुढे केला की 'सही केलीस तर रिपोर्ट चांगला जाईल', तो सही करणार नाही तर काय करणार?

आता गोडगोड बोलून सगळं होतं असंही मी म्हणत नाहीये. सौदीने धर्मगुरू, नोकरी, घरच्यांची हमी, लग्नाला मदत असं सगळं देऊन कार्यक्रम चालवला, तरी अमेरिकेच्या ग्वांटानामो जेलमधून सुटलेला एक जण तिथून 'बरा' होऊन निघाला आणि येमेनमध्ये अल-कायदाचा नंबर दोन झाला. लंडनला २९ नोव्हेंबर २०१९ ला उस्मान खानने कैद्यांच्या पुनर्वसनाच्या कार्यक्रमातच सुरा काढून दोघांना मारलं, जेलमधले सुधारणेचे क्लास करून सुटलेला माणूस. नाटक तिथेही जमतं. फरक एवढाच की बोलण्यात समोरच्याला निदान उलटा प्रश्न विचारता येतो, घरचे काय म्हणतात ते ऐकता येतं, वर्षभराने तो कोणाबरोबर उठतो बसतो ते दिसतं. सिंगापूरमध्ये २००३ पासून मौलवी स्वतःहून येऊन कैद्यांशी वाद घालतात. जर्मनीत २००० साली एक्झिट नावाची संस्था एका माजी पोलिसाने आणि एका माजी निओ-नाझीने मिळून काढली, ज्याला असल्या टोळ्यांतून बाहेर पडायचंय त्याने स्वतः फोन करायचा. आपल्याकडेही २०१४ ला कल्याणची चार पोरं आयसिससाठी इराकला गेली त्यानंतर एटीएसने समुपदेशन सुरू केलं, आईबापांना सोबत घेऊन. हे काम स्लो आहे, कंटाळवाणं आहे, त्याचं प्रदर्शनात स्टॉल लागत नाही.

दाभोलकर स्वतः साताऱ्याला परिवर्तन नावाचं व्यसनमुक्ती केंद्र चालवायचे, पुण्यात अवचटांचं मुक्तांगण १९८६ पासून आहे. तिथे दारू सुटते ती बोलून, गटात बसून, परत पडलं तर परत येऊन. साध्या दारूला एवढं लागतं आणि हे धर्म महिनाभरात साफ करणार!

असो. घ्यायचाच असेल तर थोडं सांगते. डाव्याउजव्या दोन्ही हातांना लागेल असा सेट मागा, मिळत नाही पण मागा. सेटिंग सगळ्यात खालची ठेवा, ट्रेनमध्ये बंद करा, पेसमेकरवाल्यांनी आणि फिट येणाऱ्यांनी हातच लावू नका, माहितीपत्रकात ते इतक्या बारीक अक्षरात आहे की मला चष्मा बदलून वाचावं लागलं. मुलांना तर अजिबात नको, घरात एखादा बाप निघायचा अभ्यासासाठी लावणारा. सर्व्हिसबद्दल म्हणाल तर पट्ट्याची कडी लगेच सैल झाली, फोन केला तर नुसता पट्टा मिळत नाही, नवीन पीस घ्या म्हणाले. मी सध्या केमिस्टकडचं कडू नेलपॉलिश लावतेय, दोनेकशे रुपयांत येतं, दोन्ही हातांना पुरतं आणि पुसायचं असेल तर रिमूव्हर माझ्याच ड्रॉवरमध्ये आहे.