साधा इको, घशातला इको की सीटी?

छातीत अचानक फाडल्यासारखी कळ, पाठीपर्यंत गेलेली. डॉक्टर म्हणतात, महाधमनीच्या (हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीच्या) आतल्या थराला चीर गेली असावी, तिच्या तोंडाशी असलेला व्हॉल्व्हही लीक होतोय. परळच्या एखाद्या हॉस्पिटलबाहेर उभ्या नातेवाइकांचा प्रश्न ठरलेला: इको झालाय ना, मग सीटी कशाला?

छातीवरून केलेला साधा इको (हृदयाची सोनोग्राफी) खाटेपाशीच, दहा मिनिटांत होतो. कलर डॉप्लरवर (रक्ताचा प्रवाह रंगात दाखवणाऱ्या सोयीवर) लीक लगेच कळतो, हृदयाभोवती रक्त साचलं असेल तर तेही. पण महाधमनीचा बराच भाग त्यात नीट दिसत नाही; पेशंट जाड असेल तर आणखी कमी. म्हणून ‘इकोत चीर दिसली नाही’ यावर निर्धास्त होऊ नका.

घशातून केलेला इको मला जास्त मोलाचा वाटतो. अन्ननलिका महाधमनीला खेटून असते, त्यामुळे लीक का होतोय तेही कळतं. धमनीचं मूळ फुगून व्हॉल्व्हच्या पाकळ्या जुळेनाशा झाल्यात? चिरेमुळे पाकळीचा आधार सुटून ती खाली लोंबतेय? की सुटलेला थरच व्हॉल्व्हच्या तोंडात शिरतोय? नुसता आधार सुटला असेल तर स्वतःचाच व्हॉल्व्ह पुन्हा टांगून वाचवता येतो. मूळच फुगलं असेल तर ऑपरेशन मोठं. मात्र नळी घालताना उबळ येऊन बीपी चढू शकतं, म्हणून गुंगी द्यावी लागते. शिवाय श्वासनलिकेतल्या हवेमुळे धमनीचा छोटा तुकडा झाकला जातो.

सीटी अँजिओत (रक्तवाहिन्यांच्या सीटी स्कॅनमध्ये) लीक दिसत नाही, पण मानेपासून जांघेपर्यंतची चीर काही मिनिटांत कळते. त्यासाठी शिरेतून दिलेल्या औषधाने, म्हणजे कॉन्ट्रास्टने, किडनीवर ताण येतो, हे खरं; इथे ती काळजी दुय्यम.

माझं मत: बीपी टिकून असेल तर साधा इको, लगेच सीटी, आणि घशातला इको ऑपरेशन थिएटरात भूल दिल्यावर. बीपी कोसळत असेल तर सीटीच्या टेबलावर नेऊ नये, घशातला इकोच बरा. चीर हृदयाजवळच्या भागात असेल तर उपचाराविना पहिल्या दोन दिवसांत दर तासाला मृत्यूचा धोका 1 ते 2 टक्क्यांनी वाढतो. त्यामुळे बाहेरच्या सेंटरवर स्वस्त पडतं म्हणून पेशंटला लालबागच्या ट्रॅफिकमध्ये फिरवू नका. हार्ट अटॅक समजून रक्त पातळ करणारं इंजेक्शन दिलंय का, तेही विचारा. आणि पेशंट आहे त्या हॉस्पिटलात हृदयाची सर्जरी होत नसेल तर सीटीची सीडी घेऊनच अँब्युलन्समध्ये बसा.