पोमोडोरो की सलग तीन तास? चित्रं काढणाऱ्यांसाठी

पोमोडोरो म्हणजे २५ मिनिटं काम, ५ मिनिटं ब्रेक, असे चार राउंड झाले की मोठी सुट्टी. फ्रान्सेस्को चिरिल्लो नावाच्या इटालियन माणसाने १९८० च्या दशकाच्या शेवटी टोमॅटोच्या आकाराच्या किचन टायमरवर हे सुरू केलं. दुसरी पद्धत ब्लॉकची, सकाळचे सलग तीन तास एकाच कामाला आणि फोन दुसऱ्या खोलीत.

कंटाळवाण्या कामांना पोमोडोरो बेस्ट. इन्व्हॉइस, मेल, फायलींना नीट नावं देणं, प्रिंटला जायच्या आधी सीएमवायके (छपाईचे चार रंग) तपासणं, टायमर लावला की पटापट उरकतं.

पण चित्र काढताना नाही हो जमत! दिवाळी अंकातल्या कथेचं चित्र घ्या, आधी कथा वाचायची, मग छोटे छोटे रफ काढायचे, त्यातले बरेच फेकायचे आणि कुठेतरी तासाभराने हात सुटतो, नेमकी तेव्हाच घंटी वाजली तर काय उपयोग? वॉटरकलर असेल तर अजूनच वाईट, ओला वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा थर, टायमरसाठी थांबत नाही, मध्येच वाळला की कडा उमटतात.

ब्लॉकमध्ये त्रास एकच, लोकं. "घरीच तर असतेस" म्हणून कुरिअर, गॅस, सगळं आपल्याकडे. आणि सकाळी अकराची मीटिंग तर घेऊच नका, अर्ध्या तासाची असली तरी आधीचा तास "आता कशाला सुरू करू" यातच जातो, क्लायंटला सरळ चारनंतरची वेळ द्या.

मी तरी सकाळी ब्लॉक आणि जेवणानंतर पोमोडोरो असंच सांगेन. घरात लहान मूल असेल तर तीन तासांचा हट्ट सोडा, सलग दीड तास मिळाला तरी चित्र पुढे सरकतं.