जुन्या ऑक्टाव्हियात सीडी चेंजर: ठाण्यातल्या कारागिराचं चोख काम

माझी पहिल्या पिढीची स्कोडा ऑक्टाव्हिया आहे. कंपनीचा स्टिरिओ काढून टचस्क्रीन लावायचा सल्ला सगळ्यांनी दिला, पण मला डॅशबोर्डला हात लावायचा नव्हता आणि भीमसेनजींच्या अभंगांच्या सीडीही गाडीत हव्या होत्या. एका दुकानात एफएम मॉड्युलेटर गळ्यात मारत होते. त्यात सीडीचा आवाज रेडिओच्या वाटेने येतो, १५ किलोहर्ट्झच्या वरचे, म्हणजे अगदी उंच पट्टीतले आवाज कापले जातात, शिवाय शहरात रेडिओ स्टेशनांची गर्दी. नकोच.

घोडबंदर रोडजवळच्या एका छोट्या दुकानातल्या काकांनी आधी स्टिरिओ बाहेर काढून मागचं सीडी चेंजरचं (एकदम अनेक सीडी भरून ठेवायच्या पेटीचं) सॉकेट दाखवलं. त्याच्याशी जुळणाराच चेंजर चालतो, कुठलाही नाही, हे स्वच्छ सांगितलं. सहा सीडींचा जुना चेंजर त्यांनीच मिळवून दिला. डिकीत डाव्या बाजूला बसवला, वायर कार्पेटखालून, जुन्या वायरिंगला कुठेही काप न देता.

मला सगळ्यात आवडलं ते हे: बसवण्याआधी त्यांनी वाहतुकीचे स्क्रू (ने-आण करताना आतला भाग हलू नये म्हणून लावलेले) काढले आणि चेंजरच्या बाजूची, तो आडवा की उभा बसवलाय हे ठरवणारी खूण आडव्या बसवणीवर फिरवली. आतल्या स्प्रिंगांचा ताण त्यावर ठरतो. ती चुकली की खड्ड्यात सीडी वाजताना अडखळते. गायमुख घाटात मुद्दाम नेऊन पाहिलं, तानपुऱ्याचा सूर एकदाही तुटला नाही.

सीडी बदलायला डिकी उघडावी लागते, एवढीच गैरसोय. मजुरी आधी सांगितली तेवढीच घेतली. जुनी गाडी जपणाऱ्यांनी बिनधास्त जावं.