ॲपल कप, पुलमन: सामना अस्सल, हंगाम चुकीचा

पाचपैकी साडेतीन तारे. त्यातला अर्धा तारा आइस्क्रीमच्या दुकानाचा आहे, हे आधीच सांगून टाकतो.

सिएटलकडची मराठी मंडळी विचारत असतात, ॲपल कप, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टन आणि वॉशिंग्टन स्टेट यांचा दरवर्षीचा अमेरिकन फुटबॉलचा सामना, बघायला राज्याच्या पूर्व टोकाच्या पुलमनपर्यंत जावं का, पोरांना न्यावं का, एवढी पाच तास गाडी हाणण्यासारखं तिथं आहे तरी काय. म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी मूळचा कोल्हापूरचा, एम.एस. केलं पुलमनच्या वॉशिंग्टन स्टेटमधून. मुलगा शिकतो सिएटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये. म्हणजे एकाच घरात एक कूगर (वॉशिंग्टन स्टेटवाला) आणि एक हस्की (वॉशिंग्टनवाला). फी मी भरतो आणि हा हस्कींचा जांभळा शर्ट घालून माझ्याच गाडीत बसतो. २०२५ चा सामना आम्ही दोघांनी शेजारी बसून पाहिला, २० सप्टेंबरला. खरं दुखणं त्या तारखेतच आहे.

हा सामना पहिल्यांदा झाला १९०० साली, ५-५ असा बरोबरीत सुटला. ॲपल कप हे नाव १९६२ पासूनचं. पिढ्यान्‌पिढ्या हा सामना नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या आसपास, हंगामाच्या शेवटाला व्हायचा. बाकी सगळे सामने हरलात तरी चालेल, पण हा जिंका, म्हणजे वर्षभर मान वर. १९९२ चा पुलमनचा सामना भर बर्फात झाला होता. आमच्या ड्रू ब्लेडसोने त्या पांढऱ्याधोप मैदानात पास टाकले आणि आम्ही ४२-२३ जिंकलो. मी तेव्हा अमेरिकेत नव्हतोही, पण पुलमनला शिकलेल्या कुणालाही विचारा, तो स्वतः हजर असल्यासारखं वर्णन करील.

मग हा सामना सप्टेंबरात कसा आला? कारण अर्थात टीव्हीचा पैसा. दोन्ही विद्यापीठं पॅक-१२ या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे विद्यापीठांच्या लीगमध्ये, होती. जून २०२२ मध्ये लॉस एंजेलिसच्या यूएससी आणि यूसीएलए यांनी बिग टेन या दुसऱ्या, श्रीमंत कॉन्फरन्सची वाट धरली. उरलेल्यांसाठी पुढे ॲपल कंपनीकडून सामने दाखवण्याचा प्रस्ताव आला: प्रत्येक विद्यापीठाला साधारण सव्वादोन कोटी डॉलर नक्की, वरचं काय ते वर्गणीदार किती मिळतात त्यावर. तिकडे बिग टेन नव्या येणाऱ्यांना अर्धा वाटा देत होती, पण तो अर्धाच तीन कोटींच्या घरात जात होता. ४ ऑगस्ट २०२३ ला वॉशिंग्टन आणि ओरेगन बिग टेनमध्ये गेले, त्याच दिवशी आणखी तिघांनी बिग ट्वेल्व्ह ही आणखी एक कॉन्फरन्स गाठली. १९१५ साली सुरू झालेल्या कॉन्फरन्समध्ये थोड्याच दिवसांत दोनच जण उरले, आम्ही आणि ओरेगन स्टेट. कॉन्फरन्स बदलली की कॉन्फरन्सबाहेरचे सामने हंगामाच्या तोंडाला जातात. ॲपल कपही तसाच गेला. दोन्ही विद्यापीठांनी पाच वर्षांचा करार केला म्हणून निदान तो होतो तरी.

कोल्हापूरकरांसाठी एका वाक्यात सांगायचं तर: उद्या आपल्या फुटबॉलमधल्या पाटाकडील संघाला कुणी बक्कळ पैसा देऊन ईशान्येच्या लीगमध्ये नेलं आणि दिलबहारशी सामना सरावाचा म्हणून सीझनआधी एखाद्या मोकळ्या शनिवारी ठेवला, तर शाहू स्टेडियम भरेल का? भरेलच. पण संध्याकाळी पेठेत जे व्हायचं ते होईल का?

आता प्रवास. सिएटलहून आय-९०, व्हँटेजला कोलंबिया नदी ओलांडली की हायवे २६. आधी बागा लागतात, सफरचंदांनी लगडलेल्या. (तोडणीच्या हिशेबाने बघाल तर सप्टेंबरच बरोबर, हे मुलाने मला दोनदा ऐकवलं.) ओथेलोनंतर मात्र वॉशटक्ना, डस्टी अशी नावं आणि गव्हाच्या कापलेल्या शेतांच्या टेकड्याच टेकड्या. या सामन्याला जाताना पूर्वी थर्मास, ब्लँकेट, टायरच्या साखळ्या असा संसार बरोबर असायचा आणि स्नोक्वाल्मी घाटात बर्फ पडतंय का याची धाकधूक. २०२५ ला टी-शर्टवर गेलो. सोयीचं आहे, नाही म्हणत नाही. हायवे २६ जिथं संपतो त्या कोलफॅक्सच्या कोर्टातच नोव्हेंबर २०२३ मध्ये निकाल लागला होता, की पॅक-१२ चा कारभार आता उरलेल्या दोघांच्या हातात. गावातून जाताना मुलाला कोर्ट दाखवलं. त्याने मोबाइलमधून मान वर केली, एवढंच.

मुक्कामाची सोय सगळ्यात वाईट. पुलमन मुळात छोटं गाव, विद्यार्थी धरून बत्तीस-तेहतीस हजार वस्ती. जवळच्या एका मोटेलने साध्या खोलीचा तिप्पट भाव लावला, वर दोन रात्रींची सक्ती. गादी खड्ड्यात गेलेली. नाव घेत नाही, कारण सामन्याच्या आठवड्यात तिथली बाकीची मोटेलंही असंच करतात.

पण फर्डिनांडला जा. विद्यापीठाच्या स्वतःच्या डेअरीचं हे आइस्क्रीमचं दुकान. काम करणारी बरीचशी पोरं विद्यार्थीच. रांग लांब असते, पण सरकते भराभर. कूगर गोल्ड नावाचं चेडर चीज इथं पत्र्याच्या गोल डब्यात मिळतं, तीस औंसांचा डबा, निदान वर्षभर मुरवलेलं. एका काळी अमेरिकन सैन्यासाठी चीज डब्यात कसं टिकवायचं, या संशोधनातून ते निघालं. तोंडात टाकलं की आधी खारट, मग किंचित गोडसर, कडेने भुगा होणारं. भाकरीबरोबर खाऊन बघा. माझ्या बायकोला पटलेलं नाही, पण डबा संपतो. क्रिमझन फायर नावाचं तिखट चीजही आहे, ते तिखट आहे असं तिथल्या लोकांचं मत आहे. डबा बंद असला तरी फ्रीजमध्येच ठेवायचा, गाडीच्या डिकीत दिवसभर विसरू नका.

स्टेडियम तेहतीस हजारांचं. सिएटलचं हस्की स्टेडियम सत्तर हजारांचं, तळ्याकाठी, लोक बोटीतून सामन्याला येतात. तिथली शान वेगळीच. पण पुलमनमध्ये मैदान हातभर अंतरावर वाटतं. एका बाजूने ‘गो’ अशी आरोळी येते, समोरून ‘कूग्ज’ असं उत्तर, आणि हे चार-चार तास चालतं. शेजारच्या आजोबांनी मुलाचा जांभळा शर्ट बघून विचारलं, “बिचाऱ्याला घरातून काढलंय का?” मग आपल्याजवळचे शेंगदाणे दिले. वातावरणाला पाचपैकी पाच.

सामना आम्ही ५९-२४ असा हरलो. हरण्याचं काही नाही, एकूण हिशेबात हस्की आमच्यापेक्षा कितीतरी पुढे आहेत, हरण्याची आम्हाला सवय आहे. खटकलं ते दुसरंच. मागच्या रांगेतली जांभळी पोरं मध्यंतरापासून ओहायो स्टेटविषयी बोलत होती. पुढच्या शनिवारी त्यांचा सामना ओहायो स्टेटशी, देशातल्या अव्वल संघाशी. त्यांच्या लेखी आम्ही त्याआधीची उजळणी. पूर्वी त्यांनी आम्हाला शिव्या घातल्या असत्या. शिव्यांत निदान दखल असते.

आणि ही तफावत आता वाढतच जाणार. जुलै २०२५ पासून विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देता येतात, वर्षाला सुमारे दोन कोटी डॉलरपर्यंत. बिग टेनवाल्यांना ते झेपतं, आम्हाला कुठून झेपणार. सप्टेंबर २०२४ मध्ये सिएटलच्या लुमेन फील्डवर आम्ही २४-१९ जिंकलो होतो. शेवटी हस्की गोलरेषेपासून एका यार्डावर आले होते आणि चौथ्या डाउनला, म्हणजे शेवटच्या प्रयत्नाला, आमच्या पोरांनी त्यांना तिथंच दाबलं. त्या दिवशी मी घरी येईपर्यंत घसा बसला होता. पण हंगाम संपला आणि आमचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा मुख्य खेळाडू, जॉन मटीर ओक्लाहोमा विद्यापीठाला गेला, प्रशिक्षक जेक डिकर्ट वेक फॉरेस्ट विद्यापीठाला. जिंकलेला संघ ठेवून घेण्याइतकाही पैसा नाही म्हटल्यावर पुढच्या वर्षी ५९ खाल्ले तर नवल काय?

आम्ही जिंकलो त्याच महिन्यात, २७ सप्टेंबर २०२४ ला, हस्की न्यू जर्सीत रटगर्स विद्यापीठाशी खेळून २१-१८ हरले. रटगर्सचं मैदान एडिसनच्या शेजारी. माझा आतेभाऊ तिथं राहतो, त्याने फोन करून विचारलं, “अरे, तुमचे सिएटलवाले इथं काय करतायत?” देशाच्या दुसऱ्या टोकाचा तो सामना कॉन्फरन्सचा, आणि एकाच राज्यातला आमचा बाहेरचा. याला काय म्हणायचं!

तरी आमचं बरंच चाललंय म्हणायचं. ओक्लाहोमा आणि ओक्लाहोमा स्टेटचा बेडलम नावाचा सामना २०२३ नंतर बंदच पडला, ओक्लाहोमा एसईसी या दक्षिणेकडच्या कॉन्फरन्समध्ये गेली आणि विषय संपला. ओरेगन विरुद्ध ओरेगन स्टेटचं २०२६ चं वर्ष रिकामं, दुसऱ्या महायुद्धानंतर पहिल्यांदाच. उलट टेक्सास आणि टेक्सास ए अँड एम २०११ नंतर तेरा वर्षं खेळले नव्हते, ते दोघेही एसईसीत आल्यामुळे २०२४ मध्ये पुन्हा भिडले, तेही थँक्सगिव्हिंगच्याच आठवड्यात. म्हणजे ज्या उलथापालथीने आमचा सामना हलका केला, तिनेच त्यांचा परत आणला. फरक एवढाच की त्यांच्याकडे दोघेही श्रीमंत.

कुणी जावं? ज्यांना चुरशीचा सामना हवाय त्यांनी घरी बसून टीव्हीवर हस्कींचा बिग टेनमधला एखादा सामना बघावा. ज्यांना पेठेपेठेतली ईर्षा काय असते ते पोरांना दाखवायचंय त्यांनी पुलमनला जावं, हस्की स्टेडियमला नाही. २०२६ चा सामना सिएटलमध्ये, पुलमनची पाळी २०२७ ला, आणि करार २०२८ पर्यंतच. खोली लवकर धरा. पेट्रोल ओथेलोला भरून घ्या, पुढं कोलफॅक्सपर्यंत फारसं काही नाही.