सोलापूरकरांनो, इंग्लिश विलो म्हणून ब्लीच मारलेली बॅट विकतायत, घ्यायच्या आधी हे वाचा

ज्यांच्या घरातलं पोरगं टेनिस बॉल सोडून आत्ता सीझन बॉलवर, म्हणजे लेदरच्या कडक बॉलवर चाललंय त्यांनी हे शेवटपर्यंत वाचा, कारण हे लोक नेमकं अशाच घरांना गाठतात. कोचनं सांगितलेलं असतं की आता इंग्लिश विलो, म्हणजे इंग्लंडमधल्या विलो झाडाच्या लाकडाची बॅट लागेल, घरच्यांना लाकडातलं काही कळत नसतं, पण पोरासाठी पैसे बाजूला काढून ठेवलेले असतात.

आमच्या भाच्याचं तेच होतं. तो पार्क स्टेडियमला नेटला जातो, उन्हाळी कॅम्प तोंडावर आलेला आणि तेवढ्यात गावात एका हॉलमध्ये सेल लागला, बाहेर मोठा बॅनर, डायरेक्ट मेरठ फॅक्टरी रेट. विकणारा माणूस बोलायला एकदम गोड, आणि त्यानं आधी बॅट दाखवलीच नाही, आधी सगळा इतिहास सांगितला. 1947 ला फाळणी झाली तेव्हा सियालकोटचे बॅट बनवणारे कारागीर इकडं आले, काही जालंधरला राहिले, काही मेरठला, आमचे आजोबा त्यातलेच, मेरठच्या सूरजकुंडला आमचा कारखाना. मग इंग्लंडमधून एसेक्सकडचं लाकूड कसं येतं, झाड 15-20 वर्षांचं झालं की तोडतात, ओंडका उभा फोडून त्याच्या फाळी काढतात, त्या वाळवतात, रोलरखाली दाबतात, मग व्ही आकाराची खाच पाडून त्यात वेताचं हँडल बसवतात. आजोबांचं सोडलं तर ह्यातलं काहीही खोटं नाही हो, सियालकोटचं खरं, मेरठचं खरं, एसेक्सचं पण खरं. म्हणून तर माणूस गाफील होतो, एवढं बारीक बारीक माहीत असणारा माणूस फसवेल असं मनातच येत नाही.

बॅट दिसायला पांढरीशुभ्र, पुढं सरळ सरळ 9 लाईनी, वरून पारदर्शक शीट चिकटवलेली. किंमत छापलेली 32 हजार आणि आम्हाला दिली साडेअठराला. पैसे क्यूआरवर घेतले, नाव तिसऱ्याच कुणाचं तरी आलं, विचारलं तर म्हणे पार्टनरचं अकाउंट आहे, आणि पक्कं बिल कुरियरनं येईल. वर ताकीद दिली की शीट काढायची नाही, काढली की वॉरंटी गेली, तेल पण लावायचं नाही, फॅक्टरीतच सगळं केलंय. हे वाक्य नीट लक्षात ठेवा, सगळी मेख तिथंच आहे.

नेटवर थोडे दिवस झाले असतील, यॉर्कर टोवर, म्हणजे बॅटच्या खालच्या टोकावर बसला आणि खालून ढलपी निघाली. नुसती चीर नाही, अख्खी ढलपी, आणि आतलं लाकूड तपकिरी. विकणाऱ्याला फोन लावला तर आधी म्हणाला तुम्ही नॉकिंग (नवी बॅट लाकडी हातोडीनं ठोकून तयार करतात ते) नीट केलं नसणार, मग फोन उचलायचाच बंद केला, मग नंबरच बंद. बिल आजपर्यंत आलेलं नाही.

आपल्याकडं बॅटी दुरुस्त करणारे एक चाचा आहेत, हँडल बदलणं, बाईंडिंग करणं ह्यात त्यांचं आयुष्य गेलंय, त्यांच्याकडं बॅट नेली. त्यांनी काही न बोलता आधी बॅट हातात तोलली, मग ब्लेडनं शीटचा एक कोपरा उचलून हळूहळू सगळी सोलली, आणि ओल्या फडक्यानं पुसून पॉलिश पेपर मारायला घेतला. चार हात मारले नसतील तोवर पांढरेपणा गेला, पेपरवर पिठासारखी भुकटी आणि खाली पिवळट तपकिरी लाकूड. अजून घासलं तर मधोमध, जिथं बॉल बसायला पाहिजे तिथंच, रुपयाएवढी गाठ, आणि गाठीत चक्क लांबी, म्हणजे पुट्टी भरलेली, फर्निचरवाले भरतात तशी. नखानं उकरली तर निघाली. "मामा, काश्मीर विलो आहे की ओ ही, वर ब्लीच मारलंय," एवढंच म्हणाले. काश्मीर विलो म्हणजे काश्मीरमध्ये होणाऱ्या विलोचं लाकूड, इंग्लिशपेक्षा बरंच स्वस्त.

मग त्यांनी लाईनी दाखवल्या आणि हे सगळ्यांनी शिकून घ्या. बॅटच्या पुढं दिसतात त्या ग्रेन्स म्हणजे झाडाची वर्षं, एक ग्रेन एक वर्ष. त्या आरपार असतात, म्हणजे पुढची लाईन खाली टोजवळ आली की तिथून वळून मागच्या बाजूला जाताना दिसलीच पाहिजे. आमच्या बॅटच्या टोला जाड काळा रंग मारलेला होता, तो खरवडला तर खाली मोजून 4 लाईनी, आणि पुढं 9. बाकीच्या पाच ब्रशनं ओढलेल्या. त्यामुळं बॅट घेताना सगळ्यात आधी ती उलटी धरून टो बघा, टो गार्डनं किंवा रंगानं पूर्ण झाकला असेल तर खुला टो असलेली दुसरी दाखवा म्हणा, नाही म्हणाला तर सरळ निघून या. शीट म्हणजे फसवणूकच असं नाही हां, चांगल्या बॅटीला पण शीट असते, पण शीट, मोठाले स्टिकर आणि झाकलेला टो तिन्ही एकत्र आले की सावध व्हा. तेल लावू नका का सांगितलं ते पण इथं कळलं, पुढच्या बाजूला तेल लावायचं म्हणजे आधी शीट काढावी लागते, आणि शीट निघाली की सगळं उघडं पडतं.

वजनाची पण एक भानगड आहे. काश्मीर विलो साधारण जड असतं, इंग्लिशसारखं हलकं वाटावं म्हणून हे लोक लाकूड गरजेपेक्षा जास्त वाळवतात. लाकडात थोडा ओलावा राहिला पाहिजे, तोच गेला की बॉल बसल्यावर दबायच्या ऐवजी तडकतं. त्यात आपल्या सोलापूरचा एप्रिल मे, पारा 42-43 ला, बॅट गाडीच्या डिकीत ठेवली तर विचारूच नका. खरी बॅट असली तरी इथं जवसाचं कच्चं तेल हलक्या हातानं लावत राहावं लागतं आणि मॅलेटनं नॉकिंग चांगलं 5-6 तास करावं लागतं.

अजून एक, त्या माणसानं कडा 42 मिलिमीटर आहेत म्हणून फार कौतुक केलं होतं. ऑक्टोबर 2017 पासून नियमात कडेची जाडी जास्तीत जास्त 40 मिलिमीटर आणि मधली जाडी 67 मिलिमीटर आहे, म्हणजे तो जे सांगत होता ते खरं असतं तरी ती बॅट नियमातच बसली नसती.

मला सगळ्यात जास्त राग कशाचा आला सांगतो. काश्मीर विलो वाईट नाही. अनंतनाग, बिजबेहारा, संगम तिकडं हायवेच्या दोन्ही बाजूला फाळ्यांचे ढीग वाळत घातलेले असतात, हजारो घरं त्यावर चालतात, आणि आपल्या गल्लीबोळातलं टेनिस क्रिकेट त्याच बॅटीवर चालतं. 2021 च्या टी ट्वेंटी वर्ल्ड कपला ओमानच्या काही खेळाडूंनी काश्मीर विलोच्याच बॅटी वापरल्या. तीच बॅट काश्मीर विलो म्हणून दोन अडीच हजाराला दिली असती तर आम्ही आनंदानं घेतली असती. कुठला तरी माल सोलापुरी चादर म्हणून खपवलेला बघून आपल्याला जसं लागतं तसंच तिथल्या कारागिरांना लागत असणार, शिवाय मेरठमध्ये जे खरोखर पिढ्यानपिढ्या हातानं रंधा मारून बॅटी घडवतायत त्यांचंही नाव ह्यात खराब होतं.

तर आता तक्रारीचं. ग्राहक हेल्पलाईन 1915 ला फोन केला, तक्रार नोंदवून नंबर मिळालाय. पक्कं बिल नाही म्हणून अडेल असं वाटलं होतं, पण यूपीआयचा स्क्रीनशॉट, बॅनरचा फोटो आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं सगळं जोडलंय. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखापर्यंतच्या मालाच्या तक्रारीला फी लागत नाही, तिथंही अर्ज टाकतोय. त्या सेलमधून अजून कुणी बॅट घेतली असेल तर तिला हात लावू नका, दुरुस्तीला देऊ नका, शीट सुद्धा काढू नका, आहे तशी ठेवा आणि पेमेंटचा स्क्रीनशॉट जपून ठेवा, आमची शीट निघाल्यामुळं आता पुरावा म्हणून चाचांकडून लिहून घ्यावं लागतंय. एकापेक्षा जास्त तक्रारी एकाच क्यूआरच्या नावावर गेल्या तर त्या अकाउंटवाल्याला शोधणं सोपं जाईल.