रोडमास्टर वॅगनच्या मागे १७ फुटी कॅम्पर: वर्षभराच्या वापरानंतर

जुन्या मोठ्या कारने कॅम्पर, म्हणजे आत राहायची सोय असलेला ट्रेलर, ओढावा का, असं विचारलं की डॅलसमधली आमची मित्रमंडळी एकच उत्तर देतात: पिकअप घे. मी घेतली नाही. माझ्याकडे १९९५ ची ब्यूक रोडमास्टर एस्टेट वॅगन आहे आणि तिच्यामागे कसीटा कंपनीचा १७ फुटी फायबरग्लास ट्रेलर. वॅगन आर्लिंग्टनच्या जनरल मोटर्सच्या कारखान्यातली, ट्रेलर डॅलसच्या दक्षिणेला राइस नावाच्या छोट्या गावातला. म्हणजे दोघंही टेक्ससचेच. वर्षभर ही जोडी टेक्सस आणि न्यू मेक्सिकोत फिरवल्यावर माझं मत पक्कं झालंय. गाडी या कामाला उत्तम आहे. मात्र पैसे इंजिनावर घालू नका. हिच (गाडीला ट्रेलर जोडायची जोडणी), ब्रेक आणि टायर यांवर घाला.

इंजिनाबद्दल लिहिण्यासारखं फार नाही, कारण तिथे तक्रारच नाही. ५.७ लिटरचं व्ही-८, २६० हॉर्सपॉवर. घेताना एकच गोष्ट बघा: गाडीवरच्या ऑप्शन कोडच्या स्टिकरवर 'व्ही९२' आहे का. हे कारखान्यातलं टोइंग पॅकेज. त्यात २.९३ गिअर गुणोत्तराचा मागचा अ‍ॅक्सल, जास्त क्षमतेचं कूलिंग आणि मागची बाजू आपोआप समपातळीत आणणारं एअर सस्पेन्शन मिळतं, आणि ओढायची मर्यादा ५,००० पौंड होते. हे पॅकेज नसेल तर गाडी बाहेरून अगदी तशीच दिसते, पण मर्यादा बरीच कमी असते. विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका, स्टिकर वाचा.

आता वजनाकडे येतो. या विषयात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे आणि लोक नेमकी हीच अंदाजाने करतात. ट्रेलरचं एकूण वजन सगळ्यांना माहीत असतं. हिचच्या बॉलवर, म्हणजे ट्रेलर जिथे टेकतो त्या गोळ्यावर, किती वजन उतरतं, म्हणजे टंग वेट किती, ते फार थोड्यांना माहीत असतं. ते एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के हवं. १० च्या खाली गेलं की ट्रेलर वेगात शेपटीसारखा हलू लागतो. माझा ट्रेलर सामान आणि पाण्यासकट ३,३०० पौंडांच्या आसपास भरतो आणि बॉलवर साधारण ४२० पौंड येतात. प्रमाण चांगलं आहे. पण या वॅगनची शेपूट लांब आहे. बॉल मागच्या अ‍ॅक्सलच्या पाच फुटांहून जास्त मागे येतो, तर दोन अ‍ॅक्सलमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, सुमारे ११६ इंच. तरफेचं साधं गणित मांडलं तर ते ४२० पौंड पुढच्या चाकांवरून सुमारे २३० पौंड उचलून घेतात. स्टिअरिंग पुढच्या चाकांवर, ब्रेकिंगचा मोठा वाटाही पुढच्याच चाकांवर. तिथलंच वजन कमी होणं परवडणारं नाही.

एअर सस्पेन्शनमुळे इथे फसगत होते. ट्रेलर जोडला की काही क्षणांत कंप्रेसर घुरघुरतो, मागची बाजू वर येते आणि गाडी सपाट दिसू लागते. बघणाऱ्याला वाटतं, झालं काम. प्रत्यक्षात मागचं टोक फक्त उचललं गेलेलं असतं. पुढच्या चाकांवरचं गेलेलं वजन परत आलेलं नसतं. ते परत आणतो वेट डिस्ट्रिब्यूशन हिच. त्याचे दोन स्प्रिंग बार साखळीने ताणले की वजनाचा काही भाग पुढच्या अ‍ॅक्सलवर आणि थोडा ट्रेलरच्या अ‍ॅक्सलवर जातो. माझी पद्धत अशी: गाडीत माणसं आणि सामान भरायचं, सस्पेन्शनला पातळी घेऊ द्यायची, मग कंप्रेसरचा फ्यूज काढायचा, ट्रेलर जोडायचा, बार ताणायचे, आणि सगळं झाल्यावर फ्यूज परत लावायचा. आधी फ्यूज न काढता बार ताणले तर हवा आणि बार एकमेकांविरुद्ध काम करतात आणि कोण किती भार घेतंय ते कळत नाही.

हे डोळ्यांनी तपासता येत नाही. हायवेवरच्या मोठ्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केलचे वजनकाटे असतात. त्यावर प्रत्येक अ‍ॅक्सलचं वजन वेगळं मिळतं. तीनदा वजन करा: नुसती गाडी, ट्रेलर जोडून पण बार न ताणता, आणि बार ताणून. थोडे डॉलर जातात, पण त्या तीन पावत्यांवरून जे कळतं ते कुठल्याही सल्ल्याने कळणार नाही. बारच्या साखळीची किती कडी घ्यायची हे मी तिथेच ठरवलं.

ब्रेकच्या बाबतीत टेक्ससचा कायदा ढिला आहे. ४,५०० पौंडांपर्यंतच्या ट्रेलरला ब्रेकची सक्ती नाही. कॅलिफोर्नियात हीच मर्यादा १,५०० पौंड आहे. कायदा काहीही म्हणो, ३,३०० पौंडांचा ट्रेलर मागे असताना त्याला स्वतःचे ब्रेक नाहीत, हे मला मान्य नाही. या वॅगनला पुढे डिस्क आणि मागे ड्रम आहेत. ते तिचं स्वतःचं साडेचार हजार पौंड वजन थांबवायला आहेत, तिच्या मागून ढकलणारं ओझं थांबवायला नाहीत. म्हणून ट्रेलरला इलेक्ट्रिक ड्रम ब्रेक आणि डॅशबोर्डखाली प्रपोर्शनल कंट्रोलर. साधा टायमरवाला कंट्रोलर स्वस्त मिळतो, पण तो तुम्ही पेडल किती दाबलंय हे न बघता ठरलेला जोर लावतो. प्रपोर्शनल कंट्रोलर गाडी किती जोरात मंदावतेय ते ओळखून तेवढाच जोर ट्रेलरला देतो. जुन्या गाडीत यासाठी लागणारं वायरिंग नसतं. बॅटरीपासून मागपर्यंत जाड वायर, मध्ये सर्किट ब्रेकर, मागे सात पिनांचा सॉकेट, हे सगळं नव्याने घालावं लागतं. हे काम जाणकाराकडून करून घ्या. जुन्या वायरला चिमट्याने जोडलेल्या टॅपवर मी ब्रेकचा भरवसा ठेवणार नाही.

ट्रेलर चुकून सुटला तर त्याचे ब्रेक आपोआप लावणारा ब्रेकअवे स्विच प्रत्येक प्रवासाआधी पिन ओढून तपासतो. सेफ्टी चेन टंगखाली, म्हणजे ट्रेलरच्या पुढच्या दांड्याखाली, एकमेकींना ओलांडून लावतो, म्हणजे टंग निसटली तर रस्त्यावर न पडता चेनवर तोलली जाईल.

या सगळ्याची खरी परीक्षा न्यू मेक्सिकोत झाली. अलामोगोर्डोहून क्लाउडक्रॉफ्टला जाणारा यूएस ८२ रस्ता वीसेक मैलांच्या आत सुमारे ४,३०० फुटांवरून ८,६०० फुटांवर जातो. उंचीवर हवा विरळ होते आणि इंजिनाची ताकद दर हजार फुटांना साधारण ३ टक्के घटते, म्हणजे वर पोचेपर्यंत पाव ताकद गेलेली असते. तरीही चढ निमूटपणे झाला. गिअरच्या दांड्यावर गोलात लिहिलेल्या डीमध्ये न ठेवता साध्या डीमध्ये ठेवायचा, म्हणजे ओव्हरड्राइव्ह (सगळ्यात वरचा गिअर) बंद राहतो आणि गिअरबॉक्स सारखा वरखाली होऊन तापत नाही. या गिअरबॉक्सचा खरा शत्रू उष्णता आहे. मी वेगळा ऑइल कूलर आणि तापमानाचा गेज बसवून घेतलाय आणि काटा २०० फॅरनहाइटच्या पुढे सरकू लागला की थांबतो.

उतारावर मात्र पूर्ण लक्ष द्यावं लागतं. आपल्याकडे वरंधासारख्या घाटात जुने ड्रायव्हर शिकवायचे, की ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर. इथेही तेच. उतार सुरू व्हायच्या आधीच दुसरा गिअर, वेग ताशी चाळीस मैलांच्या आत, आणि ब्रेक सतत घासत न ठेवता थोडा वेळ ठामपणे दाबून पूर्ण सोडायचा. खाली पोचल्यावर मी चाकांजवळ हात नेऊन बघितला. चारही बाजू गरम होत्या, पण जळका वास कुठेच नव्हता.

वाऱ्याबद्दलही सांगतो. विचिटा फॉल्सहून अमारिलोकडे जाताना यूएस २८७ वर आडवा वारा असतो आणि शेजारून मोठे ट्रक जातात. ट्रक मागून येताना ट्रेलरला आधी बाहेर ढकलतो, मग आत ओढतो. इथे या गाडीचा लांब व्हीलबेस, वजन आणि जमिनीलगतची ठेवण कामी येते. एकदा हलकासा हेलकावा येतो आणि विरतो. ट्रेलर खरंच डोलायला लागला तर गाडीचा ब्रेक दाबायचा नाही, वेग वाढवायचा नाही. अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि कंट्रोलरची हाताची पट्टी दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे. ती पट्टी अंधारातही न बघता सापडली पाहिजे. मी रिकाम्या पार्किंगमध्ये बायकोकडूनही याचा सराव करून घेतलाय, कारण अर्धा रस्ता ती चालवते.

ट्रेलरच्या टायरवर एसटी, म्हणजे खास ट्रेलरसाठीचा, असं लिहिलेलं हवं. खाचा शाबूत दिसल्या तरी वय बघा. टायरच्या बाजूवर छापलेल्या डॉट कोडचे शेवटचे चार आकडे म्हणजे तो बनल्याचा आठवडा आणि वर्ष. यातले बरेच टायर ताशी ६५ मैलांच्या वेगासाठीच बनलेले असतात. टेक्ससात ७५ ची पाटी असली तरी मी ६२ च्या वर जात नाही.

उणिवा आहेतच. पेट्रोल बरंच लागतं, ट्रेलरसह गॅलनला १२-१३ मैल. वॉटर पंप गळला तर पाणी थेट खालच्या डिस्ट्रिब्यूटरवर (स्पार्क प्लगना वीज वाटणाऱ्या भागावर) पडतं आणि गाडी बंद पडते, म्हणून पंप गळायची वाट न बघता आधीच बदलला. मागे तोंड करून बसायची तिसरी सीट मुलांना फार आवडते, पण ट्रेलर जोडलेला असताना ती मी दुमडून ठेवतो. टंग वेट हे गाडीत भरलेल्या ओझ्यातच धरायचं असतं, आणि त्या सीटवरची माणसं नेमकी तिथेच भर घालतात. पाच जणांपेक्षा मोठं कुटुंब असेल तर ही गाडी या कामासाठी घेऊ नका.

१ जानेवारी २०२५ पासून टेक्ससात खासगी गाड्यांची वार्षिक सुरक्षा तपासणी बंद झाली आहे. तीस वर्षांच्या गाडीखाली आता दुसरं कोणी वाकून बघणार नाही. म्हणून दर वसंतात गाडी लिफ्टवर चढवून हिचचे बोल्ट, त्याभोवतीच्या फ्रेमचा गंज, ब्रेकच्या नळ्या आणि ट्रेलरचे बेअरिंग मी समोर उभा राहून तपासून घेतो. यंदा वॅगनचे मागचे ब्रेक शू बदलायला सांगितलेत. ते झाल्याशिवाय पश्चिम टेक्ससातल्या डेव्हिस माउंटन्सचं बुकिंग करणार नाही.