टर्की, हंस, हॅम की मासा: नाताळच्या जेवणाला काय करायचं?

नाताळच्या मोठ्या जेवणाचा बेत निघाला की बोलणं लगेच चवीवर जातं. टर्की कोरडी लागते, हंस तुपट, हॅम खारट आणि माशाला काटे. मी मात्र आधी एवढंच विचारते, की पंगत 24 च्या रात्री बसणार की 25 च्या दुपारी? निम्मा निर्णय तिथेच होऊन जातो.

याला जुनं कारण आहे. कॅथलिक घरांत नाताळची आदली संध्याकाळ परंपरेने उपवासाची, मांस वर्ज्य असलेली. म्हणून पोलंड, चेकिया, पोर्तुगाल आणि दक्षिण इटलीत 24 च्या रात्रीचं जेवण माशाचं. डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन हे देश ल्युथरन, म्हणजे प्रोटेस्टंट, झाले आणि तो नियम मागे पडला, त्यामुळे तिथे त्याच रात्री ताटात डुकराचं मांस येतं. ब्रिटनमध्ये मुख्य जेवण 25 ला दुपारी, त्यामुळे सकाळभर ओव्हनमध्ये भाजत राहणारा पक्षी त्या दिवसाला बरोबर बसतो.

हे चारही प्रकार मी घरी करून पाहिले आहेत. तुलना करताना माझी कसोटी एकच: जेवण वाढलं जाईल तेव्हा रांधणारं माणूस सगळ्यांबरोबर बसलेलं असेल का? सणाच्या दिवशी एक जण घामाघूम होऊन ओव्हनपाशी उभा आणि बाकीचे टेबलावर, हे मला पटत नाही.

टर्कीपासून सुरुवात करू, कारण बहुतेकांच्या डोळ्यांसमोर तीच असते. हा पक्षी मूळ उत्तर अमेरिकेतला, युरोपात तो 16व्या शतकात पोचला. त्याचा खरा गुण आकारात आहे. 5 किलोच्या एका टर्कीत आठ-दहा माणसं पोटभर जेवतात आणि दुसऱ्या दिवशीच्या सँडविचपुरतं उरतंही. दहाच्या वर माणसं असतील आणि एकाच भांड्यात काम उरकायचं असेल, तर टर्कीला तोड नाही.

अडचण तिच्या शरीरातच आहे. छातीचं मांस पांढरं, चरबी जवळपास नाही, ते 70 अंश सेल्सियसच्या पुढे गेलं की कोरडं पडायला लागतं. तंगडीत चिवट धागे असतात, ते विरघळून मऊ व्हायला 80 च्या आसपासची उष्णता लागते. म्हणजे एकाच पक्ष्याच्या दोन भागांच्या दोन मागण्या. शिवाय सुरक्षिततेसाठी सगळ्यात जाड भागातही 74 अंश गाठायलाच हवेत. यावर मला लागू पडलेला उपाय म्हणजे एक-दोन दिवस आधी किलोला साधारण 10 ग्रॅम या हिशेबाने मीठ चोळून पक्षी फ्रिजमध्ये उघडाच ठेवणं. मीठ आत मुरतं, रस धरून ठेवतं आणि कातडी सुकल्यामुळे भाजताना कुरकुरीत होते. दुसरा उपाय पाठीचा कणा कात्रीने काढून पक्षी पुस्तकासारखा उघडून सपाट भाजण्याचा. वेळ जवळपास निम्म्यावर येतो आणि तंगडी-छाती एकदमच होतात. टेबलावर अख्खा पक्षी मिरवता येत नाही एवढंच. मला त्याची खंत नाही.

गोठवलेली टर्की आणणार असाल तर दिवस नीट मोजा. फ्रिजमध्ये दर दोन-सव्वादोन किलोला एक दिवस लागतो. पहिल्या वर्षी मी 5 किलोच्या टर्कीला दीड दिवस दिला. 25 ला सकाळी पोटात हात घातला तर आत बर्फाचा गोळा, बोटं बधिर झाली. थंड पाण्यात बुडवून, दर अर्ध्या तासाला पाणी बदलत बसले आणि दुपारचं जेवण अंधार पडल्यावर झालं. तेव्हापासून मी ती 22 लाच फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवते. आणि मांस धुऊ नका. धुतल्याने जंतू जात नाहीत, शिंतोड्यांबरोबर ओटाभर पसरतात.

हंस हा टर्कीच्या आधीचा मानकरी. जर्मनीत 11 नोव्हेंबरच्या सेंट मार्टिनच्या सणापासून हंसाचा मोसम सुरू होतो तो नाताळपर्यंत चालतो, आणि सोबत लाल कोबी व बटाट्याचे गोळे असतात. व्हिक्टोरियन लंडनमध्ये कामगार कुटुंबं वर्षभर थोडे थोडे पैसे ‘गूज क्लब’मध्ये भरून नाताळचा हंस मिळवायची आणि घरी ओव्हन नसायचा म्हणून बेकरीच्या भट्टीत भाजून आणायची.

चवीचंच म्हणाल तर चौघांत मी हंस वर ठेवते. सगळं मांस गडद, छातीचंही, त्यामुळे कोरडेपणाची चिंता कमी. पण आकाराला भुलू नका. हाडं मोठी, पोकळी मोठी, चरबी भरपूर, म्हणून 5 किलोच्या हंसात सहा माणसांचंच नीट होतं. आणि टर्कीसारखा तो ओव्हनमध्ये टाकून विसरता येत नाही. कातडीला सुईने टोचावं लागतं, तेही तिरकं, मांसापर्यंत न पोचता. मग टोचलेल्या जागी चरबीचे थेंब फुटतात, ट्रेमध्ये जमत जातात, आणि दर अर्ध्या तासाने ती ओतून काढली नाही तर घरभर धूर होतो. अर्धा किलो चरबी तर सहज निघते. ती फेकायची नाही. उकडलेले बटाटे टोपल्यात खळखळ हलवून कडा खरबरीत करायच्या आणि या तापलेल्या चरबीत भाजायचे. बाहेरून काचेसारखं कवच, आत लोणी. माझ्या घरी मुलं हंसापेक्षा बटाट्यांची वाट पाहतात. तर मंडळी पाच-सहाच असतील आणि रांधणाऱ्याला ओव्हनपाशी वावरायला मनापासून आवडत असेल, तर हंसच करा. एरवी नको.

हॅमबद्दल कमी बोललं जातं, पण रांधणाऱ्याची सगळ्यात जास्त कदर करणारा पदार्थ हाच. मिठात मुरवलेली डुकराची मांडी आदल्या दिवशीच मंद आचेवर उकडून ठेवता येते. 25 ला फक्त कातडी सोलायची, चरबीवर सुरीने शंकरपाळ्यासारख्या चिरा पाडायच्या, प्रत्येक चौकोनात लवंग टोचायची, मोहरी आणि मधाचा लेप द्यायचा आणि गरम ओव्हनमध्ये अर्धा तास. स्वीडनमध्ये लेपात मोहरी आणि अंडं असतं, वरून पावाचा चुरा. ती हॅम थंडच कापून ‘यूलबूर्ड’वर, म्हणजे हेरिंग मासा, मांसाचे गोळे, बटाट्याचे पदार्थ अशा नाताळच्या मोठ्या मांडणीत, ठेवतात. ऑस्ट्रेलियात डिसेंबर म्हणजे भर उन्हाळा, तिथेही थंड हॅम आणि कोलंबी याच कारणाने चालते. लोक वेगवेगळ्या वेळी येणार असतील तर थंड-गरम दोन्ही चालणारं दुसरं काही मला सुचत नाही. मात्र कच्ची मुरवलेली मांडी आणत असाल तर रात्रभर पाण्यात घालायची की नाही हे विक्रेत्याला विचारूनच घ्या. एकदा मी ते टाळलं आणि दुसऱ्या घासालाच सगळे पाण्याच्या ग्लासाकडे वळले.

आता मासा. पोलंडमध्ये 24 ला आकाशात पहिला तारा दिसला की जेवायला बसतात. टेबलक्लॉथखाली थोडं गवत, अचानक येणाऱ्या पाहुण्यासाठी एक रिकामं ताट, आधी ‘ओपुआतेक’ नावाची पातळ पापडी एकमेकांच्या हातून मोडून खायची आणि मग मांस नसलेले बारा पदार्थ. त्यात बीटाचं सार असतं, हेरिंग असतो, कार्प असतो. चेकियात तळलेला कार्प आणि बटाट्याचं सॅलड. तिथले कार्प दक्षिणेतल्या त्रेबोन्यच्या जुन्या तळ्यांतून शरद ऋतूत काढले जातात, काही घरांत तो सणापर्यंत बाथटबमध्ये जिवंत ठेवायची रीत होती, आणि कार्पचं एक खवलं वर्षभर पाकिटात ठेवलं की पैसा टिकतो असं मानतात. कार्पची चव चांगली, पण काटे बारीक आणि दुहेरी फुटलेले असतात. लहान मुलं आणि वयस्कर माणसं पंगतीत असतील तर मी तो सुचवणार नाही.

त्यांच्यासाठी पोर्तुगालचा मार्ग चांगला. खारवून वाळवलेला कॉड, तिथला ‘बाकल्याव’, दीड-दोन दिवस पाण्यात भिजवायचा आणि पाणी दिवसातून तीन-चारदा बदलायचं. वाळलेला तुकडा लाकडी फळीसारखा असतो, बोटाने ठोकला तर आवाज येतो. दुसऱ्या दिवशी तोच फुगून पांढरा होतो आणि दाबला की पापुद्रे सुटतात. मग बटाटे, कोबी, अंडी उकडायची, मासा मंद पाण्यात पंधरा मिनिटं, वर ऑलिव्ह तेल आणि लसूण. ओव्हन लागतच नाही, काटे मोठे असल्याने सहज निघतात. दोन दिवस लक्षात ठेवून पाणी बदलायचं, एवढीच मेहनत. 24 च्या रात्रीसाठी माझी निवड हीच.

या चारांच्या बाहेरचाही एक पर्याय आहे आणि मी तो गांभीर्याने सांगते. जर्मनीत कित्येक घरांत 24 ला फक्त बटाट्याचं सॅलड आणि गरम सॉसेज असतात, हंसाचा थाट दुसऱ्या दिवशी. सॅलड सकाळीच करून ठेवायचं, सॉसेज दहा मिनिटांचं काम. घरात तान्हं बाळ असेल, कुणी आजारी असेल, किंवा वर्ष जड गेलं असेल, तर हे जेवण कमी दर्जाचं अजिबात नाही.

मुख्य पदार्थ ठरला की ओव्हनचा हिशेब करा. बहुतेक गोंधळ इथेच होतो. 5 किलोची टर्की 160 अंशांवर सुमारे तीन तास ओव्हन अडवते आणि भाजके बटाटे, गाजर, स्टफिंग यांना त्याच वेळी तोच ओव्हन हवा असतो. सुटका होते ती टर्की बाहेर काढल्यावर. तिला फॉइलखाली किमान अर्धा तास निवांत ठेवायचीच असते, तेवढ्यात ओव्हन वाढवून बटाटे आत घालायचे. स्टफिंग पक्ष्याच्या पोटात न भरता वेगळ्या भांड्यात भाजा, कारण पोटातलं सारण 74 अंशांना पोचेपर्यंत छातीचं मांस वाळून जातं.

गोडाचं सोपं आहे. ब्रिटिश ख्रिसमस पुडिंग अॅडव्हेंटच्या, म्हणजे नाताळच्या तयारीच्या काळाच्या, आधीच्या रविवारी, म्हणजे महिनाभर आधीच वाफवून ठेवतात. डेन्मार्कमध्ये गार तांदळाच्या खिरीत साय आणि बदामाचे तुकडे घालून वर गरम चेरीचा सॉस ओततात, खिरीत एकच अख्खा बदाम लपवलेला असतो आणि तो ज्याला सापडेल त्याला बक्षीस. सापडलेला बदाम गालात दडवून ठेवायचा, म्हणजे बाकीचे सगळी खीर संपवतात. मुलं असतील तर दुसरं काही बघूच नका.

उरलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे, मग कितीही गप्पा रंगलेल्या असोत. पोर्तुगालमध्ये 25 ला आदल्या रात्रीचा कॉड, बटाटे आणि कोबी लसणीच्या फोडणीत एकत्र परततात आणि त्याला ‘जुने कपडे’ म्हणतात. आमच्याकडे आता मुद्दाम दोन तुकडे जास्तीचे भिजवले जातात, केवळ त्या सकाळसाठी.